न बोलता मनोरा

वास आला की आमच्याकडे खिडक्या बंद. पनवेलच्या या टोकाला फ्लॅट घेतला तेव्हा एजंटने "एकदम हवेशीर आहे" असं सांगितलं होतं, आणि माणूस खोटं बोलला नव्हता. तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूने वारा सुटला की हवा भरपूर येते, सोबत उग्र दर्प फुकट. तो नेमका कुठून येतो यावर सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडणं व्हायची. मला भांडणात रस नव्हता. माझ्या धाकटीला दमा आहे, तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी खिडक्या लावायचे, दाराच्या फटीत ओला टॉवेल सरकवायचे आणि ठोकळ्यांचा डबा जमिनीवर पालथा करायचे.

रोज नवं चॅलेंज. स्टीलची वाटी पेलेल असा पूल करा. फक्त पिवळ्या ठोकळ्यांचा जिना करा. थोरली आठ वर्षांची, हुशार पण घाईची. धाकटी सावकाश आणि महाहट्टी. बसून खेळायचं असल्यामुळे तिला धाप लागत नाही, असं मी ज्याला त्याला सांगत सुटायचे.

फक्त दोघींचा कलकलाट आवरत नसे आणि माझं काम घरूनच. मग मी एक नियम काढला: जी आधी बोलेल ती हरली. काय शांतता पसरली म्हणून सांगू! मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "मुली गावाला गेल्या का?" मला माझ्याच डोक्याचं फार कौतुक वाटलं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

त्या दिवशी वास दुपारीच आला. चॅलेंज होतं, पाण्याच्या बाटलीपेक्षा उंच मनोरा. मी कानाला हेडफोन लावून मुलींकडे पाठ करून बसले होते. अर्ध्या तासाने थोरलीने माझा खांदा गदागदा हलवला. मी डोळे वटारले.

"आई, मी हरले तर हरले," ती रडत म्हणाली, "पण हिच्याकडे बघ ना."

धाकटी मनोऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. खांदे वर-खाली होत होते, ओठ निळसर पडले होते, आणि हातात लाल ठोकळा तसाच घट्ट धरलेला. तिचा दम्याचा पंप माझ्या टेबलाच्या खणात होता, तिच्यापासून चार पावलांवर. तो मागायचा तर बोलावं लागलं असतं.

पंपाने भागलं नाही. शेजारच्या काकांनी गाडी काढली आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर विचारत होते, "इतका त्रास होईपर्यंत काहीच बोलली नाही का ती?" मी नाही म्हटलं. का बोलली नाही, ते सांगायची हिंमत झाली नाही. नवऱ्याला मी ते अजूनही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी धाकटीची धाप जरा कमी झाली. नर्सने मास्क बाजूला करून तिला घोटभर पाणी पाजलं. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बहिणीकडे तिने बोट दाखवलं, आणि मग प्रश्नार्थक बघत तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"हो," थोरली म्हणाली. "मी आधी बोलले. तू जिंकलीस."

धाकटी किंचित हसली. मग माझ्याकडे वळून तिने अगदी हळू विचारलं, "आई, आता बोलू?"