इनोकिचीचं आभाळ

असाकुसाच्या त्या गल्लीत लाकडी ठशांची चित्रं छापणारे पुष्कळ होते, पण आभाळ उतरवावं तर इनोकिचीने, असं सगळेच म्हणत. कोरलेली फळी ओल्या फडक्याने पुसून वरच्या कडेला तो निळा रंग लावी आणि वर कागद पसरून तो बांबूच्या पानात बांधलेल्या चकतीने असा घाशी, की वर गर्द असलेला निळा खाली येता येता विरून जाई.

तरुणपणी त्याने एका तळ्याची पहाट छापली होती. चित्रावर चित्रकाराचं नाव होतं, प्रकाशकाचा शिक्का होता. इनोकिचीचं काहीच नव्हतं. "आभाळ माझं," तो म्हणे, "बाकीचं घ्या वाटून."

ती पहाट पुन्हा छापायची, असं प्रकाशक मागोबेईने त्याला कबूल केलं होतं. दर नव्या वर्षाला इनोकिची आठवण करी आणि मालक म्हणे, "या वसंतात नक्की." वसंत येत, जात. मग चीनशी लढाई जुंपली आणि दुकानापुढे झुंबड उडाली. लोकांना तोफा हव्या होत्या, जळती जहाजं हवी होती. इनोकिची दिवसभर ज्वाळा छापू लागला. विलायती लाल रंग नखांत बसला तो निघेना.

एकदा ज्वाळांच्या फळीला तडा गेला म्हणून तो ती यासुकेकडे घेऊन गेला. यासुके फळ्या कोरणारा, त्याचा जुना सोबती. त्याच्या दारात उजेडात धरली तेव्हा फळीच्या कडेला जुना निळा दिसला.

"ही कसली रे फळी?"

यासुकेने हातातली पटाशी खाली ठेवली. "तुझ्या तळ्याची. चेरीचं चांगलं लाकूड आता मिळतं कुठे? मालकांनी सगळ्या जुन्या फळ्यांवर रंधा मारायला लावला, वर ज्वाळा कोरायला."

"आणि तू मारलास?"

"मी नाही तर दुसऱ्याने मारला असता."

"मला सांगायचंस तरी!"

"सांगून काय झालं असतं? फळ्या कवटाळून बसला असतास?"

म्हणजे इतके दिवस आपण आपल्याच आभाळावर आग छापत होतो. इनोकिची तडक मालकाकडे गेला. वाटेत चार कडक वाक्यं त्याने जुळवून ठेवली होती.

"ये, बस. चहा घे," मागोबेई म्हणाला. फळ्यांचं निघताच त्याने हात झटकले. "तळं कोण घेतं रे आता? आणि छापलेली चित्रं आहेत की लोकांच्या घरी."

"कोणाच्या?"

ते मालकाला ठाऊक नव्हतं. इनोकिचीने चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि परत आला. त्या नमस्काराचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

घरी येऊन त्याने पेट्या उलथ्यापालथ्या केल्या. "एक तरी प्रत ठेवली असशील ना?"

"एक बिघडलेली आणली होतीत तुम्ही," बायको ओमित्सु म्हणाली. "आपलं कागदी सरकतं दार फाटलं होतं, त्यावर चिकटवली. ते दारही मोडून जमाना झाला. अहो, मी तेव्हा विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, लाव."

लढाई संपली तशा ज्वाळाही खपेनाशा झाल्या. मागोबेईने दुकान मिटवलं. इनोकिचीला एका मिठाईवालीकडे पुड्यांचे कागद छापण्याचं काम मिळालं. नुसता निळा, त्यावर दुकानाचं नाव. पहिल्याच गठ्ठ्यात त्याचा हात आपसूक वळला आणि प्रत्येक कागदावर निळा वरून खाली अलगद विरत गेला.

बाई गठ्ठा घेऊन दारात उभी. "काका, रंग पुरला नाही का? खाली सगळं फिकट पडलंय."

"ते तसंच असतं."

"गिऱ्हाईक म्हणेल, कागद पाण्यात भिजलाय. सरसकट द्या बाई मला."

त्याने सरसकट दिला. पुढे मरेपर्यंत सरसकटच दिला, आणि रोज संध्याकाळी हात धुताना त्या बाईचा उद्धार केला.

"तिला इथून काही ऐकू जात नाही," ओमित्सु मुळा चिरता चिरता म्हणे, "आणि मला रोज ऐकावं लागतं."