छावणीतला पोळा

दिल्लीच्या छावणीत पोळ्याला बैल कुठून आणायचा? आम्ही तो सण कधीच सोडून दिला होता. पण त्या वर्षी सासूबाई गावाहून पहिल्यांदाच आल्या होत्या.

हे घोडदळात होते. ह्यांच्या ताब्यातल्या घोड्याच्या पोटात वरचेवर कळ यायची, म्हणून त्याचं पाणी, गवत, मोजका दाणा, सगळं हे स्वतः बघत. आता पुन्हा दुखलं तर घोडा दुसऱ्याकडे देऊ, असं साहेबांनी बजावलं होतं.

सासूबाईंना दहादा सांगितलं, त्याला बाहेरचं काही चालत नाही. त्या म्हणाल्या, "ज्याच्या पाठीवर माझ्या लेकाचं पोट, त्याला सणाला नैवेद्य नको? जनावराचं मला शिकवू नकोस." आता ह्यापुढे काय डोकं लावायचं? पोळ्याच्या दुपारी माझा डोळा लागला, आणि बाई पदराखाली पुरणपोळ्या घेऊन तबेल्यात. पहाऱ्यावरच्यानं माताजी म्हणून सोडलं.

संध्याकाळी घोडा जमीन उकरायला लागला, मान वळवून पोटाकडे बघायला लागला, मग लोळायलाच लागला. निरोप आला तशी मी धावले. जनावरांच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. आंबूस पुरणाचा वास आला, वर वेलचीचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किसने खिलाया?" डॉक्टरांनी विचारलं.

"मैंने, सर," हे म्हणाले. नव्या पोरांना घोड्याची निगा शिकवणारा माणूस. मागे कुणीतरी हसलं. लाजेनं माझी मान वर होईना, आणि खरं सांगते, ह्यांचा रागही आला.

घोडा वाचला, पण दुसऱ्याच्या हाती गेला. घरी सासूबाईंनी विचारलं, "बरा आहे ना रे? सणाचं कधी बाधत नाही."

"बरा आहे, आई. पोळ्या आवडल्या त्याला."

मग काय, त्यांना घोडा बघायचाच होता. चार दिवसांनी मैदानाच्या कडेला गेलो. नवा स्वार त्याला फिरवत होता. ह्यांना बघताच घोडा खिंकाळला, लगाम ओढून आमच्याकडे येऊ लागला. हे जागचे हलले नाहीत.

सासूबाईंनी पदर सावरला. "बघ, मला ओळखलं त्यानं."

"हो, आई," हे म्हणाले. मला दोघांकडेही बघवेना.