फौजीणबाईंचं हळदीकुंकू

उमरीतल्या आमच्या गल्लीत तिला सगळे फौजीणबाई म्हणतात. नवरा सरहद्दीवर, आणि ती स्वतः चार वर्षं छावणीत राहून आलेली. हळदीकुंकवाला ती आम्हा बायकांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करते. “काकू, डावीकडं सरका!” म्हणाली की काकू हसत हसत सरकतात. तिचा फोन वाजला की मात्र सगळ्याजणी गप्प होतात.

यंदा ऐन वाण वाटताना तो वाजला. तिनं ऐकलं, हातातलं ताट माझ्याकडं दिलं आणि ओरडली, “ताई, सुट्टी मिळाली! नांदेडला उतरले बी!” मग पदर खोचून अंगणात नाचायलाच लागली.

“अगं, लोक बघून राहिलेत,” तिच्या सासूबाई म्हणाल्या.

“बघू द्या की!” म्हणत तिनं त्यांनाच फुगडीला ओढलं. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण सुनेपेक्षा जोरात त्याच फिरत होत्या.