लंगडणारा सैनिक

ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत नोव्हाय गावी माझ्या लेकीच्या सॉकरच्या मैदानावर एक स्कॉटिश म्हातारा घडीची खुर्ची टाकून बसायचा. तरुणपणी फुटबॉल खेळलेला, पहिल्या महायुद्धात लढलेला. कुणी पाय धरून पडलं की काठी आपटून ओरडायचा, “ऊठ, नाटकं पुरे!”

“तुम्हाला कसं कळतं?” मी एकदा विचारलं.

“फ्री किकसाठी मीही लंगडायचो. रेफरीने कधी मानलं नाही. युद्धात आमची अख्खी टीम एका तुकडीत होती. हल्ल्याच्या दिवशी सकाळी लंगडलो, तर डॉक्टरने लगेच मानलं. बाकीचे दहाही गेले.”

माझे वडील शेवटच्या आजारात असताना मी पुण्याला कळवलं होतं, ‘रजा मिळत नाही.’ रजा मंजूर होती. मलाच जायचं नव्हतं. ते गेल्यावर नातेवाइकांनी माझ्या साहेबाला शिव्या घातल्या. मीही घातल्या.