आदराचा ‘न’

भोरच्या शाळेत आम्ही दोघे मास्तर होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. माझा सोबती पासलीचा, भातशेतीच्या घरातला. एका हिवाळ्यात डोंगरातली झाडंपानं गोळा करायला एक डच साहेब वेल्ह्याकडे आला. वाटा दाखवत आम्ही महिनाभर त्याच्याबरोबर हिंडलो. जाताना त्याने आपल्या भाषेचं एक जुनं व्याकरण आम्हाला देऊन टाकलं.

मला ते जड गेलं. सोबत्याला नाही. “आरं, ही तर आपलीच विभक्ती,” तो म्हणायचा. “म्हातारा माणूस, पन म्हाताऱ्या माणसाला. तसंच ह्यांचं. ‘दे आउदे मान’, आन् त्यालाच पाह्यलं तर ‘देन आउदेन मान’.” घर त्यांच्याकडेही नपुंसकलिंगीच निघालं, तेव्हा तो पोट धरून हसला होता.

त्या शेवटच्या ‘न’वर त्याचा भारी जीव. पुस्तकात तो कर्त्याला लागत नव्हता. याने मात्र त्यातून स्वतःचा नियम काढला.

“साहेबाला म्हटलं की उर्मट, साहेबांना म्हटलं की आदर. ह्यो ‘न’ म्हंजे आपला अनुस्वार. मोठ्या माणसाला लावायचाच.”

“आणि साहेब स्वतःच काही करत असले तर?”

“तरी लावायचा. साहेब आला म्हणतोस का तू?”

मी हसलो. हे चूक आहे, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी मुंबईतल्या एका डच पेढीला ती भाषा जाणणारा कारकून हवा होता. जागा एकच. तो तर वेडा झाला. तिथं रोज कुणाशी तरी ती भाषा बोलायला मिळेल, एवढंच त्याच्या डोक्यात. दोघांनीही अर्ज करायचं ठरवलं.

दिवाळीत त्या साहेबाकडून टपालाने त्यांच्या भाषेच्या नव्या नियमांची एक पातळ पुस्तिका आली. पाकिटावर नाव माझं. तो ‘न’ आता त्यांच्या शाळांतून गेला होता. ‘देन’, ‘देस’ ही रूपं काही ठरावीक बोलण्यापुरती उरली होती. विशेषणाला फार तर एक ‘ए’, आणि ‘एक जुनं घर’ म्हणताना तोही नाही. मी ती वाचली आणि ट्रंकेत धोतरांखाली ठेवली.

आठवड्याने त्याने अर्ज लिहून माझ्यापुढे धरला. प्रत्येक साहेबाला ‘न’. साहेब कर्ता असला तरी ‘न’.

“वाच रं. कुठं चुकलंय का?”

मी दोनदा वाचला. “ठीक आहे,” म्हणालो. “टाक पेटीत.”

बोलावणं मला आलं. तो नाराज झाला नाही. “तू गेलास म्हंजे मीच गेलो,” म्हणाला आणि माझी ट्रंक भरायला बसला. धोतरं नीट लावायला उचलली, तर पुस्तिका हाताला लागली, पाकिटासकट. उभ्याउभ्या त्याने चार पानं वाचली.

“हे कवा आलं?”

“दिवाळीत.”

“म्हंजे माझा अर्ज वाचलास तवा हे हितंच व्हतं.”

मी पुस्तिका घ्यायला हात पुढे केला.

“नुसतं ‘तो न खोड’ म्हणाला असतास, तर म्या समदं खोडलं असतं रं.”

त्याने धोतरांच्या घड्या घातल्या, पुस्तिका वर ठेवली, ट्रंकेला कडी लावली आणि निघून गेला. थोड्याच दिवसांत त्याने बदली मागून घेतली.

लढाईत ती पेढी बंद पडली. मी परत आलो. माझं डच चांगलं होतं म्हणून मला घेतलं, असं मी आजवर बायकोलासुद्धा सांगत आलो. चांगलं त्याचं होतं.

गेल्या वर्षी विंझरला त्याच्या शाळेत गेलो, माफी मागायला. केस पांढरे झाले होते त्याचे. मला पाहून तो उठला आणि स्वतःची खुर्ची पुढे केली.

“या. बसा. तुमी कवा आलात?”



“अरे, मला तू म्हण,” मी कसंबसं म्हणालो.

“न्हाई जमायचं,” तो शांतपणे म्हणाला. “मोठ्या माणसाला लावायचाच. तुमीच तर ठीक म्हणाला व्हता.”