विलोची बुचं

तेरेंतीने सत्तावीस वर्षं पाणी हाकललं. तीच त्याची नोकरी होती.

त्याचं गाव लिपोवनांचं, जुना पंथ जपायला रशियातून आलेल्या कोळ्यांचं. रोमानियात, डॅन्यूब नदीच्या मुखाशी, त्या गावासमोर पूर्वी मोठं सरोवर होतं. सरकारने त्याभोवती मातीचा बांध घातला, पाणी उपसलं आणि आत मका पेरला. तेरेंती तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याला पंपघरात कामाला लावून घेतलं. त्याचा बाप पाहोमी जन्मभर त्याच सरोवरात जाळं टाकत आलेला. तो पोराला एवढंच म्हणाला, "नदीच्या दाराला कुलूप हवं होतं. तू झालास."

लिपोवन कोळी माशाचा रस्सा शिजवतो तो ज्या पाण्यातला मासा, त्याच पाण्यात. सरोवर गेलं तसा पाहोमीने रस्सा सोडला. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. मासे तळून खाल्ले त्याने, पण रश्शाचं पातेलं चुलीवर चढू दिलं नाही.

पुढे कम्युनिस्ट राजवट कोसळली. पंपांची वीज तुटली. मक्याच्या जमिनीवर तोवर मीठ फुटलं होतं. उन्हाळ्यात ती चुना सांडल्यासारखी पांढरी दिसायची. तिथे ना पीक, ना मासा. तेरेंतीला कुणी नोकरीवरून काढलं नाही. कुणी विचारायलाच आलं नाही. तो आपला रोज सकाळी बांधावर चक्कर मारून यायचा.

"कुणाची राखण करतोस रे म्हाताऱ्या?" त्याची बायको अनफिसा विचारायची. "मिठाची?"

तेरेंती टोपी चढवून निघायचा.

मग एका मार्चमध्ये तिघं जण होडीतून उतरले. ओक्ताव हा पाण्याचा इंजिनिअर, बुखारेस्टचा. स्मारांदा माशांचा अभ्यास करणारी. आणि तरुण रारेश, जमिनीची, झाडांची, तळ्यांची आखणी करणारा. बांध फोडायचा होता. सरोवर परत आणायचं होतं. मुक्कामाला त्यांनी पंपघर मागितलं. तेरेंतीने किल्ली दिली. किल्ली देताना त्याचा हात जरा थांबला.

तिघांचं भांडण दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. बांध फोडायचा कुठे? पलीकडच्या गावाजवळ असाच एक बांध चार वर्षांपूर्वी फोडला होता, नकाशावर पट्टी ठेवून. पाणी आत शिरलं आणि थांबलं. जुलैत ते कुजलं. मासे पोट वर करून तरंगले, आणि तो वास तेरेंतीच्या अंगणापर्यंत आला होता. पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने वाहून जायला हवं. त्यासाठी जुन्या प्रवाहांच्या वाटा सापडायला हव्या होत्या. पण सत्तावीस वर्षांच्या नांगरटीने जमीन पाटासारखी सपाट केलेली. बांधाआधीचा नकाशा कुणाकडेच नव्हता. आणि एप्रिलअखेर पूर येणार. त्याच्या आत ठरवायचं.

तीन आठवडे मोजणी करून ओक्तावने लाल निशाणं रोवली. स्मारांदा म्हणाली, "इथून पाणी धाडकन येईल. माझ्या माशांनी अंडी कुठे घालायची? तुमच्या टोपीत?"

"टोपी नवी आहे बाई. तिच्यावर नजर नको."

रारेशला वेगळीच अडचण होती. "ही विलोची झाडं बघा. दहा इथे, मग दोनशे पावलं काही नाही, मग तीन तिथे. बांधावर झाडं लावायची तर रांगेत तरी लावावीत. काही काढून टाकूया का?"

तेरेंती दाराशी चहा ओतत होता. तो आत आला.

"ती लावलेली नाहीत," तो म्हणाला. "बुचं आहेत ती."

"काय आहेत, काका?" स्मारांदाने विचारलं.

तेरेंतीला वाटलं, आता गप्प बसावं. कुठे पाणी आत घुसू बघायचं, हे या जगात फक्त त्याला माहीत होतं. सत्तावीस वर्षांत त्याने कमावलं ते तेवढंच. ते सांगणं म्हणजे शत्रूला वाट दाखवणं. आणि शत्रू तरी कोण? बापाने जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं, ते पाणी.

"बांध पाझरायचा," शेवटी तो म्हणाला. "पाझर दिसला की चिखल आणि बोरूच्या जुड्या कोंबायच्या. वर विलोचे ओले खुंट ठोकायचे. खुंटांना मुळं फुटतात, मुळं माती धरतात. लहान पाझर असेल तर तीन खुंट. मोठा असेल तर दहा. एकेचाळीस जागा आहेत. सगळ्या माझ्या."

 ओक्तावने हातातला कप खाली ठेवला.

"पाझर त्याच जागी का यायचे, काका?"

"का म्हणजे? खाली वाळू. बांध ज्या प्रवाहांवरून नेला त्यांचीच. वरून बुजवला म्हणून प्रवाह वाट विसरतो होय?"

ओक्ताव उठला. त्याने नकाशा उचलला आणि आपल्या लाल खुणांवर सावकाश काट मारली. "आम्ही तीन आठवडे जे शोधतोय," तो रारेशला म्हणाला, "ते तू कापायला निघाला होतास."

"आणि तुम्ही त्याला निशाणाची दोरी बांधली होतीत," रारेश म्हणाला.

चार दिवस ते चौघं बांधावरून चालले. तेरेंती पुढे. विलोच्या प्रत्येक झुपक्यापाशी तो पाझराचं वय सांगायचा, स्वभाव सांगायचा. हा लबाड, फक्त पुरात जागा व्हायचा. हा रडका, थेंब थेंब. ओक्ताव हाताने फिरवायच्या गिरमिटाने जमिनीत भोक पाडायचा. झुपक्यांच्या मध्ये निळी, घट्ट चिकणमाती लागायची. झुपक्यांखाली दरवेळी वाळू. पांढरी, शिंपल्यांच्या चुऱ्याची. स्मारांदा ती वाळू तळहातावर घेऊन बघत राहायची. एकदा तिने त्यातून माशाचा जुना खवला काढला.

रारेशने कागदावर उत्तरेचे झुपके दक्षिणेच्या झुपक्यांशी जोडले. दहाच्या समोर दहा, तीनच्या समोर तीन. वळणं उमटली. तेरेंतीने वाकून पाहिलं. या वळणांवरून तो लहानपणी बापामागे होडीत बसून गेला होता.

"हे आजीचं वळण," तो म्हणाला. "रश्शाचं पाणी ती इथूनच भरायची."

मग तिघांनी आपापल्या आखणीतलं थोडं थोडं खोडलं. ओक्तावने बांधात पाडायची खाच अरुंद केली. स्मारांदाने वळणाच्या आतली उथळ जागा मागून घेतली. रारेशने उरलेले झुपके बेटं म्हणून राखले. फोडायचं कुठे, हे मात्र त्यांनी तेरेंतीला विचारलं.

तो त्यांना उत्तरेच्या सर्वांत दाट झुपक्यापाशी घेऊन गेला. दहा विलो, बुंधे मांडीएवढे. "याने मला तीन वर्षं छळलं," तो म्हणाला. "हेच दार."

एप्रिलच्या अखेरीस यंत्राने तिथला बांध कापला. पाणी बाहेर जायला समोर दक्षिणेलाही एक खाच पाडून ठेवली होती. सगळं गाव जमलं होतं. अनफिसा डोईला फुलाफुलांचा रुमाल बांधून, हातात पातेलं घेऊन आली होती.

पाणी आधी फटीतून आलं. मग घोंगावत आलं. तो आवाज कानी पडताच तेरेंती वळला आणि पंपघराकडे पळत सुटला. दहा-बारा पावलं गेला असेल.

"काका! कुठे?" स्मारांदा ओरडली.

तो थांबला. स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला.

"सवय," तो म्हणाला.

पाणी पांढऱ्या जमिनीवर पसरलं आणि घुटमळलं.  ओक्तावचे ओठ काहीतरी मोजत होते. मग, समोर काहीच अडथळा नसताना, ते पाणी डावीकडे वळलं. सपाट शेतात, डोळ्याला न दिसणाऱ्या काठांमधून, वळण घेत गेलं. पुन्हा वळलं. ते वळण कुणीही खणलेलं नव्हतं. सत्तावीस नांगरटींनी ते पुसलं गेलं नव्हतं. रारेशच्या हातातला कागद खाली आला. आता त्याची गरज नव्हती.

संध्याकाळी दक्षिणेच्या खाचेतून पाणी बाहेर पडू लागलं. ओक्तावने तिथे एक काडी टाकली. ती वाहत गेली. तो भर चिखलात मटकन खाली बसला.

तेरेंतीने टोपी काढली. आपल्या पंथाच्या जुन्या रीतीप्रमाणे दोन बोटांनी क्रूसाची खूण केली. मग अनफिसाच्या हातून पातेलं घेतलं, गुडघाभर आत उतरला आणि आजीच्या वळणावर ते बुडवलं.

"गढूळ आहे रे," काठावरून अनफिसा म्हणाली.

"असू दे," तेरेंती म्हणाला. "चूल पेटव."