पेल्यावरची वाटी

“तुम्हाला वेड लागलेलं नाही,” नांदेडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि खरं सांगतो, मी जरा नाराजच झालो. लातूरहून एस.टी.त बसून हाडं खिळखिळी करून घेतलेला माणूस काहीतरी भरभक्कम ऐकायला आलेला असतो.

मग त्यांनी कागदावर नाव लिहिलं. कॉम्प्लेक्स पीटीएसडी. म्हणजे असं, की मोठ्या धक्क्यातून माणूस वाचतो, पण अंगाला ते कोणी कळवत नाही. अंग तिथंच अडकून राहतं. त्यावर पुढं वर्षानुवर्षं लहान-लहान मार पडत गेले, की गुंता होतो.

“औषध झोपेपुरतं देते. बाकीचं काम बोलून करायचंय,” त्या म्हणाल्या.

बोलून! मला हसूच आलं. अख्ख्या लातूर जिल्ह्यात माझ्याइतकं बोलणारा माणूस नाही. मी बोलायला लागलो की देवणीचा बैल रवंथ थांबवून ऐकतो.

आधी मी कोण ते सांगतो. मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींचं होस्टेल चालवतो. तीन मजले, डॉक्टर व्हायला आलेल्या साठ पोरी, देगलूरपासून बीडपर्यंतच्या. साठ पोरींना मी स्लॅब भाड्यानं देतो आणि स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतो. लोक विचारायचे तेव्हा सांगायचो, आत माझ्या घोरण्यानं प्लास्टर पडतं.

खरं कारण शेडमध्ये खाटेशेजारी ठेवलेलं असायचं. पालथा पेला, त्यावर वाटी, वाटीत चमचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी असं काही ना काही रचून ठेवायचे. जमीन हलली की भांडं वाजतं, मग पळायचं. सगळ्यांची भांडी वर्षा-दोन वर्षांत मांडणीवर गेली. माझं राहिलं. लग्नातसुद्धा बोहल्याशेजारी मांडलं होतं. सुनंदाला वाटलं, आमच्या घरचा रिवाज असेल. बिचारीनं त्याला हळदकुंकू वाहिलं.

एका दुपारी शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली. खालच्या हॉलमध्ये पोरींची टेस्ट चालू. चमचा वाजला. पुढचं मला आठवत नाही, इतरांनी सांगितलंय. मी ओरडत आत शिरलो, साठच्या साठ पोरींना उन्हात काढलं आणि माझी मुलगी मुक्ता “पप्पा, बोअर हाय, बोअर!” म्हणत असताना तिला हाताला धरून असं ओढलं की तिचा खांदा निखळला.

खांदा हाडवैद्यानं बसवला. मुक्ता मात्र बसली नाही. गळ्यात हात बांधून तिनं बॅग भरली.

“कुठं जालालीस?” मी विचारलं.

“गल्लीच्या टोकाला. भोसलेकाकूंच्या होस्टेलला कॉट घेतलाय.”

“अगं, ती पातळ वरण देती!”

“देऊ द्या. पण त्यांचं वरण हलत न्हाई, पप्पा. तुम्ही बरे झालात की सांगा.”

होस्टेलवाल्याची पोरगी दुसऱ्याच्या होस्टेलात! गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा माझ्याकडं बघून मान फिरवली. तिसऱ्या दिवशी सुनंदानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. डॉक्टरांचा पत्ता. मुद्दाम नांदेडचा. लातुरात कुणी बघितलं असतं तर आईबापांनी संध्याकाळपर्यंत पोरी नेल्या असत्या. गुरुवारी मी “केळी आणायला नांदेडजवळ अर्धापूरला” जायचो. एवढी केळी आणली की पोरी केळं दिसलं की पळायच्या.

पहिल्या गुरुवारी मी मॅडमना भूकंप सांगितला. दोन दिवस ढिगाऱ्याखाली, अंगावर वाडा, तोंडात माती. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा सांगितला. मॅडमनी वही चाळली.

“मागच्या वेळी दोन दिवस होते. आज तीन झाले. आणि ढिगाऱ्यातली ही बकरी नवीन आहे.”

तीस वर्षांत माझी बकरी कुणी धरली नव्हती.

“कोण ऐकायचं हे, लहानपणी?” त्यांनी विचारलं.

तेव्हा निघालं. मी नऊ वर्षांचा होतो. गावाबाहेर पत्र्याच्या शेडांमध्ये आम्ही राहायचो. लांबून गाड्या यायच्या, मदत वाटणारे पाहुणे यायचे आणि चुलते मला पुढं करायचे. सांग रे, कसा दबला होतास. नुसतं सांगितलं तर बिस्किटं. बकरी घातली की चादर. एका बाईंना मी असं रडवलं की आम्हाला स्टोव्ह मिळाला. दिवसातून चार-चार वेळा मी त्या ढिगाऱ्याखाली जाऊन यायचो.

मॅडम म्हणाल्या, “हेच ते लहान मार.”

मी हसायला गेलो आणि खुर्चीतच अंग लटलट कापायला लागलं. तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर घाबरू नका. मॅडमनी पाय जमिनीला टेकवायला लावले, खोलीतल्या पाच वस्तू मोठ्यानं म्हणायला लावल्या. पंखा, टेबल, कॅलेंडर, मॅडम, माझी चप्पल. याला ग्राउंडिंग म्हणतात, म्हणजे मन आत्ताच्या जागेवर आणून टेकवणं. शास्त्र एवढंसं दिसतं, पण चपलेचं नाव घेतल्याबरोबर काळीज जागेवर आलं. मी चपलेला हात जोडायचाच बाकी होतो.

मग त्यांनी जुन्या गावाचं चित्र काढायला सांगितलं. मी गाय काढली की स्कूटर होते. म्हटलं, पोळ्याला मातीचे बैल करायचो, माती चालेल का? चालेल म्हणाल्या. माती कुठली, तर शेजारच्या बोअरमधून निघालेला गाळ. त्याच बोअरचा! मागच्या अंगणात मी आमची जुनी गल्ली करायला बसलो. पार, हौद, दगडामातीच्या भिंती. कोणत्या दारापुढं किती पायऱ्या होत्या हे माझ्या बोटांना माहीत होतं, मला नव्हतं. मी आपला बघत राहायचो, ही बोटं कुणाची म्हणून. सगळी घरं झाली. आमच्या घराच्या भिंती झाल्या. त्यावर मातीचं जड छत, माळवद, घालायची वेळ आली की हात थांबायचे. तीन आठवडे घर उघडंच राहिलं.

त्याच दिवसांत एका गुरुवारी बस चुकली म्हणून नांदेडच्या गुरुद्वारात गेलो. आत कीर्तन चाललं होतं. मला एक शब्द कळेना, म्हणून त्याला मीठमिरचीही लावता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न वाढवता नुसतं ऐकत बसलो. मग लंगरच्या पंगतीत बसलो आणि तिकडं कुणीतरी ताटांची चळत ओतली.

सांगतो, जगातली सगळी पितळ-स्टीलची दुकानं एकदम कोसळली असा तो आवाज. मी उठलो, पळायला वळलो. शेजारच्या पांढऱ्या दाढीच्या बाबांनी सदरा धरला.

“बैठ जा, बेटा. दाल आ रही है.”

भांडी वाजत होती, छत डोक्यावर होतं आणि शेकडो माणसं शांतपणे जेवत होती. एकही उठला नाही. मी बसलो. दाल आली. ती खाताना मला जे वाटलं त्याला माझ्याकडं शब्द नाही, आणि माझ्याकडं शब्द नाही हे मी पहिल्यांदाच लिहितोय. नंतर मी तिथंच भांडी घासायला बसलो. पुढं दर गुरुवारी बसायचो.

त्या आठवड्यात माळवद घातलं. आणि पुढच्या गुरुवारी मॅडमना सांगितलं, तेच इथं सांगतो. बकरी नव्हती. तीन दिवस नव्हते, पहाटेपासून दुपारपर्यंत होतं. माझी बहीण छबी शेजारी होती, पाच वर्षांची. दिसत नव्हती, पण तिनं माझं बोट धरलं होतं. “दादा, गोष्ट सांग,” म्हणाली. मी सांगायला लागलो. राजा झाला, हत्ती झाला, हत्तीला पंख फुटले. संपत आली की ती “मग?” म्हणायची, मी आणखी वाढवायचो. मग तिनं “मग?” म्हणायचं बंद केलं. बोट गार पडलं. मी थांबलो नाही. लोकांनी मला काढलं तेव्हाही माझा हत्ती उडतच होता.

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, “तुमची गोष्ट कमी पडली म्हणून ती गेली, असं नाही. ती गेली तेव्हा तुम्ही सोबत होतात.”

एवढ्या दोन वाक्यांसाठी मी तीस वर्षं उशिरा पोचलो. तुम्ही उशीर करू नका. गोळ्या मनानं बंद करू नका, चांगला माणूस बघा, आणि हाताला काहीतरी काम द्या, मग ते मातीचं असो की ताटाचं.

घरी येऊन मी मुक्ताला निरोप धाडला नाही. बरा झालो हे सांगायला तोंड धजेना. माझ्या सांगण्यावर आमच्या घरात विश्वास कोण ठेवणार? सुनंदाला म्हटलं, आज आत झोपतो. खालच्या खोलीत गादी घातली. पेला, वाटी, चमचा उशाशी मांडलेच. एवढा काही मी संत नाही.

सकाळी डोळा उघडला तर मुक्ता समोर बसलेली. सुनंदानं बोलावलं असणार. ती माझ्याकडं बघत होती, मग वर स्लॅबकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

“पप्पा, घोरत होताव.”

“प्लास्टर पडलं का?”

“न्हाई.”

सुनंदानं ताट आणलं. भाकरी, वरण, दही. दह्याला वाटी नव्हती. मुक्तानं इकडंतिकडं बघितलं, बऱ्या हातानं पेल्यावरची वाटी उचलली, चमचा त्यातच होता, आणि दही वाढून घेतलं.

माझं बोट थोडं हललं. मी वाटी परत मागितली नाही.

“मग?” ती म्हणाली, चमचा चाटत. “नांदेडला काय झालं?”

मी सांगायला लागलो. जेवढं झालं होतं तेवढंच.